कुसकुसचं भांडं गच्चीवर

शनिवारी सकाळी दहा वाजता मुन्सिफच्या टीव्हीवरच्या निवेदिकेचा चेहरा चौकोनाचौकोनांत फुटला. कपाळ डावीकडे गेलं, हनुवटी उजवीकडे, आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा घरघरत राहिला. मग पडदा निळा झाला. त्यावर दोनच शब्द होते : सिग्नल नाही.

"उद्या चार वाजता अरीज," त्याची बायको सलूहा म्हणाली. एवढंच. बाकीचं तिच्या कमरेवरच्या हातांनी सांगितलं.

अरीज त्यांची एकुलती एक मुलगी. ट्युनिसला एका औषधाच्या दुकानात कामाला होती, सप्टेंबरात तिचं लग्न होतं, आणि रविवारी दुपारी चारला ती सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत उतरणार होती. कार्यक्रम थेट दिसणार होता. महदियातल्या त्या अख्ख्या गल्लीला ही बातमी मुन्सिफने स्वतः दारोदार जाऊन दिली होती. सलूहाच्या दोन्ही बहिणी जेवायला येणार होत्या, त्याही टीव्हीसाठीच.

"कुणालातरी बोलव दुरुस्तीला," सलूहा म्हणाली.

"कशाला? डिश मी बसवली, मीच नीट करीन."

"म्हणूनच म्हणतेय."

तिचं चुकत नव्हतं. मुन्सिफने दुरुस्त केलेला मोरीतला नळ उलटा फिरवला तरच बंद होत असे, आणि दारावरची घंटा वाजली की स्वयंपाकघरातला दिवा मिणमिणत असे. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात तो अठ्ठावीस वर्षं यंत्रांची नोंदवही लिहीत होता. यंत्राला हात लावायची परवानगी त्याला तिथे कधीच मिळाली नव्हती. निवृत्त झाल्यापासून तो ती कसर घरात भरून काढत होता.

डिश होती साठ सेंटिमीटरची, गच्चीच्या जमिनीत ठोकलेल्या गुडघाभर पाइपवर. तिच्यासमोर दोन हातांवर दोरी, आणि दोरीवर मुन्सिफच्या सासूबाईंची लोकर. नातीच्या लग्नाच्या गाद्यांसाठी लेल्ला जनैना चार दिवसांपासून लोकर धूत होत्या. त्या दिवशीचा पहिला घाणा त्यांनी पहाटेच दोरीवर टाकला होता. जड, ओला, पाणी निथळणारा. लोकरीला दक्षिणेचं ऊन लागतं. डिशलाही दक्षिणेचंच आकाश लागतं. पण या दोन गोष्टींचा एकत्र विचार करायचं कुणाला कारण नव्हतं.

मुन्सिफ लोकरीखालून वाकून गेला. मानेत थंडगार पाणी पडलं. डिशच्या हातावरचं, म्हणजे पुढे आलेल्या दांड्यावरचं, टोपण त्याने पुसलं, फडक्याने डिश घासली, बोल्ट सैल केला आणि ओरडला, "सलूहा! आता?"

सलूहा टीव्हीसमोर. अंगणात मधल्या माणसाच्या जागी लेल्ला जनैना, कारण खोलीतला आवाज गच्चीवर पोचत नसे. सलूहा म्हणाली, "नाही." लेल्ला जनैनांनी वर कळवलं, "नाही म्हणते. आणि लवकर उरका म्हणते. आणि माझं पाणी गार होतंय."

"ती एवढं म्हणाली?"

"शेवटचं मी म्हटलं."

खरी अडचण वेगळीच होती. चित्र जुळायला टीव्हीवरच्या सेट-टॉप डब्याला पाच-सहा सेकंद लागत. तेवढ्यात मुन्सिफ डिश आणखी बोटभर सरकवून मोकळा होई. "आलं!" अशी आरोळी वर पोचेपर्यंत ती जागा मागे पडलेली असे, आणि तो "आलं ना?" म्हणत भलत्याच जागी बोल्ट आवळी.

बारा वाजता पलीकडच्या गच्चीवरून शेजारी सी तिजानी डोकावला. त्याची डिश एक मीटर वीसची होती आणि ती तो शुक्रवारी नमाजाला जाण्यापूर्वी पुसत असे.

"सी मुन्सिफ, बशीत चहा गार होतोय का?"

"तुमची परात आहे म्हणून कणीक मळता येते, सी तिजानी. चित्र माझंच स्वच्छ."

"मग उद्या आमच्याकडे या अरीजला बघायला. खुर्च्या मांडतो."

हे मुन्सिफच्या वर्मी लागलं. आपली मुलगी दुसऱ्याच्या टीव्हीवर बघायची? त्याने डिशच्या मागे चंदेरी कागद लावला. काही नाही. तिच्या दांड्यावर पातेल्याचं झाकण बांधलं. काही नाही. शेवटी दुपारी चारला डिश पाइपवरच्या जुन्या खुणेवर आणून आवळली आणि स्वयंपाकघरातून ॲल्युमिनियमचं मोठं भांडं उचलून आणलं. ज्याच्या बुडाला भोकं असतात आणि ज्यात गव्हाच्या रव्याची कुसकुस वाफेवर शिजते, ते. ते त्याने तारेने डिशच्या हाताशी बांधलं.

"आलं!" लेल्ला जनैना ओरडल्या. "स्वच्छ आलं म्हणते! निवेदिकेची लिपस्टिक दाताला लागलीय तीही दिसते म्हणते!"

जुलैच्या उन्हात तोवर लोकर कापसासारखी कोरडी झाली होती. पण मुन्सिफच्या नजरेत फक्त भांडं होतं.

"लाटा भोकांतून गाळून येतात," त्याने खाली येऊन समजावलं. "केरकचरा बाहेर राहतो."

"आणि उद्या रविवार आहे," सलूहा म्हणाली. "माझ्या बहिणी येतायत. कुसकुस कशात करू, तुझ्या टोपीत?"

"अरीज की कुसकुस?"

रविवारी बहिणींना मॅकरोनी मिळाली. थोरलीने ताटाकडे पाहिलं, मग सलूहाकडे. "कुणी आजारी आहे का घरात?"

"आहे," सलूहा म्हणाली. "डोक्याने."

टीव्ही मात्र झकास चालू होता. साडेतीनला मुन्सिफ पायजम्याला इस्त्री करून पुढच्या खुर्चीत बसला. पावणेचारला लेल्ला जनैना उठल्या. दुसरा घाणा टबात भिजत पडला होता, ऊन वाया जात होतं, आणि स्पर्धा सुरू व्हायला वेळ होता. पाच मोठे ओले लोकरीचे गठ्ठे त्यांनी वर नेऊन दोरीवर पसरले.

तीन वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी सूत्रसंचालकाचं नाक कानाजवळ गेलं.

"सलूहा, हात लावलास?"

"मी खुर्चीत आहे!"

पडदा निळा. धाकटी बहीण हळूच म्हणाली, "सी तिजानींकडे..." आणि मुन्सिफ जिन्यात दिसेनासा झाला.

वर त्याने भांडं डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं, सोडवून हातात धरलं. खालून आरोळी, "नाही!" तो लोकरीखालून पलीकडे गेला, परत आला. चपलेला गच्चीचं डांबर लागलं होतं. एक गठ्ठा त्याने ढकलला, तो खाली पडला, आणि त्याच्यावर पाय.

"माझ्या नातीची गादी!" लेल्ला जनैना धापा टाकत वर आल्या. "त्यावर ती चाळीस वर्षं झोपणार आहे, जावई! तुमच्या पायाच्या ठशावर?"

"उम्मी, पोर टीव्हीवर आहे आणि तुम्हाला लोकरीचं पडलंय?"

"तुमचा टीव्ही तुम्हाला लखलाभ. मी माझी लोकर खाली नेते."

त्यांनी रागारागाने एकेक गठ्ठा ओढायला सुरुवात केली. मुन्सिफने त्याच वेळी भांडं दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं, जरा तिरकं, गावातल्या जुन्या किल्ल्याच्या दिशेला. शेवटचा गठ्ठा दोरीवरून उतरला. पाच-सहा सेकंद गेले.

"आलं!" अंगणाच्या दारातून तिन्ही बहिणींचा एकच कल्ला. "अरीज दिसतेय! हलू नकोस! हललास तर बघ!"

मुन्सिफ पुतळा झाला. "कशी दिसतेय?"

"निळा ड्रेस! हलू नको म्हटलं ना!"

लेल्ला जनैना हातातल्या गठ्ठ्याकडे बघत उभ्या होत्या. त्यांनी तो पुन्हा दोरीवर टाकला आणि थांबल्या.

"गेलं!" खालून किंचाळी. "मुन्सिफ, काय केलंस?"

"काही नाही! श्वास घेतला!"

त्यांनी गठ्ठा उचलला. थांबल्या.

"आलं!"

लेल्ला जनैनांनी जावयाकडे पाहिलं. घाम डोळ्यांत, भांडं डोक्यावर. त्या लोकर घेऊन खाली गेल्या आणि टीव्हीसमोर त्याच्याच खुर्चीत बसल्या.

अडतीस मिनिटं मुन्सिफ उन्हात उभा होता. मधेच खाली प्रचंड हशा पिकला. सी तिजानीच्या खिडकीतूनही तसाच हशा आला, एक क्षण आधी.

"काय झालं? काय म्हणाली ती?"

खाली कुजबुज झाली. मग सलूहाचा आवाज आला, अंगणातून, कधी नव्हे इतका मऊ. "तुला सलाम सांगितला."

"मला? नाव घेऊन?"

"नाव घेऊन."

त्याने भांडं आणखी वर धरलं. अरीज दुसरी आली. हात खाली यायला रात्रीच्या जेवणापर्यंत वेळ लागला आणि घास सलूहाने भरवले.

मंगळवारी सकाळी अकराला तोच कार्यक्रम पुन्हा दाखवणार होते. भांडं आता तारेने पक्कं बांधलेलं होतं, किल्ल्याच्या दिशेला. दोरी रिकामी होती. लेल्ला जनैनांनी त्या दिवशी लोकर अंगणातच ठेवली होती, का ते कुणी विचारलं नाही. चित्र आरशासारखं. मुन्सिफने मुलीला टीव्हीवर पहिल्यांदा पाहिलं आणि नाक पुसलं.

"घरी आता कोण कोण बघतंय?" सूत्रसंचालकाने विचारलं.

"आई, आजी, दोन्ही मावश्या," अरीज म्हणाली. "बाबा सी मुन्सिफ सोडून. ते आत्ता गच्चीवर असतील, डिश धरून. ते दुरुस्त करताहेत म्हणजे बाकीच्यांना दिसत असेल, अशी आशा आहे. बाबा, सलाम! खाली आलात की आई सांगेल."

स्टुडिओ हसत सुटला. खोलीत कुणी हसलं नाही. सलूहा गालिच्याची झालर मोजत होती.

मुन्सिफने टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाला, "नाव घेतलंन ना?"

"घेतलं."

"आणि डिशचंही बोलली. सगळ्या देशासमोर." तो खुर्चीत सरसावून बसला. "पुढच्याच आठवड्यात सी तिजानी भांडं विचारायला येतो की नाही बघ."

सी तिजानी शुक्रवारीच आला, तारेची जाडी मोजून गेला. महिनाअखेर गल्लीतल्या पाच गच्च्यांवर कुसकुसची भांडी चमकत होती आणि रविवारी पाच घरांत मॅकरोनी शिजत होती.

त्या मंगळवारी मात्र स्पर्धा संपल्यावर मुन्सिफने राजकारणावरची चर्चा लावली. ती दोन तास चाले आणि तो तिच्याशी मोठ्याने भांडत असे. लेल्ला जनैनांच्या दुपारच्या झोपेची हीच वेळ होती. त्या उठल्या, अंगणातल्या टबात भिजत घातलेली आपली घोंगडी खांद्यावर टाकली आणि जिना चढू लागल्या.

"उम्मी, मी नेऊ का वर?" मुन्सिफने टीव्हीवरची नजर न काढता विचारलं.

"बसा, जावई. हलकी आहे," त्या म्हणाल्या. पायऱ्यापायऱ्यांवर पाणी ठिबकत होतं. घोंगडी त्यांनी पिळलीच नव्हती.