रडायची घंटा

तालुक्याच्या मिशनच्या शाळेत जेवायची घंटा होती, प्रार्थनेची होती, झोपायची होती, तशी रडायचीही एक होती. मी थट्टा करत नाही. संध्याकाळी बोर्डिंगच्या पोरींचा खेळ संपला की आग्नेस सिस्टर आंब्याला टांगलेल्या लोखंडी रुळावर हातोडी मारायची. मग जिला घरची आठवण येत असेल तिने विहिरीजवळच्या चिंचेखाली जायचे आणि पोटभर रडून घ्यायचे. गिरजाघराच्या क्रुसाची सावली विहिरीच्या कठड्याला लागली की दुसरी घंटा. ती झाली की डोळे पुसून अभ्यासाला. मध्ये रडायचे नाही. भर वर्गात कुणाचा ओठ थरथरला तर सिस्टर म्हणायची, "ठेव, ठेव. संध्याकाळले कामी येते."

पावसाळ्यात सावली नसते तेव्हा काय करता, असे मी एकदा विचारले. म्हणाली, "पावसाळ्यात देव स्वतः पाह्यते."

बाई केरळाकडची. उंच, वाळलेली, पांढरा झगा, पायात पुरुषी वहाणा. हातात कायम पितळी लोटा. रडायच्या आधी प्रत्येक पोरीला पाणी पाजायची. "कोरडं रडू नये, डोकं दुखते," हे तिचे ब्रह्मवाक्य. मराठी तिने बोर्डिंगच्या पोरींकडून उचललेले, म्हणून ते अस्सल वऱ्हाडी. शाळेचे मराठीचे मास्तर पुण्याकडचे होते. ती बोलायला लागली की ते खिडकीबाहेर बघत.

माझी सुमी त्या शाळेत कशी गेली, तर बापामुळे. आमचा वडनेरला मळा. वांगी, मेथी, मिरच्या. बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात आमचीच भाजी जायची. गावात सातवीच्या पुढे पोरींना शाळा नव्हती. फादर सुमीच्या बापाला म्हणाले, पोर हुशार आहे, पाठवा. बाप लगेच हो म्हणाला. मला कोण विचारतो? मी चौथी शिकलेली. मी मनात म्हटले, जाऊ दे, आठ दिवसांत रडत परत येईल. पोरगी एकदाही माझ्याशिवाय झोपलेली नव्हती.

पुढच्या बाजाराला टोपल्या घेऊन मी गेले. सुमी लंगडी खेळत होती आणि खिदळत होती. मला पाहून आली, पण डाव संपवून आली.

"काऊन वं, आठवण येत नाही का माही?"

"येते नं, माय."

"मंग रडली का नाही?"

"ते सांगत नसतात. चिंचेखालचं चिंचेखालीच."

मी सरळ सिस्टरकडे गेले. "माही पोरगी रडते का, सांगा."

"नाही सांगत. फादर लोकांचं पाप सांगत नाही, मी पोरींचं रडणं सांगत नाही."

"मी माय हाओ तिची!"

"म्हणून तर नाही सांगत. तुमी घेऊन जासान."

बाई खुळी होती, पण बावळट नव्हती.

शनिवारी ती पोरींच्या डोक्यातल्या उवा काढायची. पायरीवर बसायची, एकेकीचे डोके मांडीवर घ्यायची आणि तिच्या मुलुखातले काहीतरी गुणगुणायची. घरी माझी फणी दिसली की सुमी मळ्यात पळायची. एक कडब्याची गंजी तर तिच्या लपण्याने खचली होती. आणि इथे? डोळे मिटून, तोंड अर्धे उघडे टाकून, मांजरासारखी पडलेली. नऊ महिने मी वागवली, आणि मांडी त्या बाईची! मी वांग्याची टोपली अशी आदळली की चार वांगी फुटली. सिस्टर मान वर न करता म्हणाली, "सुमीची माय आली वाटते."

दिवाळीच्या सुट्टीत कहर झाला. आमची चुलत सासू वारली. अंगणात बाया गळ्यात गळे घालून रडत होत्या. आमच्याकडे रडणे म्हणजे काम असते. कोण किती मोठ्याने रडले ते वर्षभर निघते. मीही सूर धरला होता. तेवढ्यात माझी पोरगी लोटा घेऊन एकेकीपुढे उभी. "आधी पाणी प्या, आजी. कोरडं रडू नये, डोकं दुखते." बाया गप्प झाल्या. मग तिने लिंबाच्या सावलीकडे पाहिले आणि म्हणाली, "बस आता. बाकीचं उद्या." एक म्हातारी मयताच्या घरात फिसकन हसली. माझ्या नणंदेने ते हसू सगळ्या गावात वाटले. "मिशनवाल्यांनी पोरगी घेतली तुही," असे मला तोंडावर म्हणाली.

मला तेच वाटत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत सुमी घरी आली तेव्हा मी ठरवले, आता पाठवायची नाही. बापाशी भांडले. तिला सांगितले नाही. एक दिवस एकटीच निघाले, बोर्डिंगमधली तिची पेटी आणायला. आठवी झाली, पुष्कळ झाले.

पोचले तर शाळा ओस. पोरी नाहीत, बाकीच्या सिस्टर कुठे कुठे गेलेल्या. उतरते ऊन होते. मी फाटकातून आत शिरते तोच रुळावर टोला पडला. मला हसू आले. म्हटले, पाहा येडी, रिकाम्या शाळेला रडवते.

तिने मला पाहिले. हातातली हातोडी माझ्याकडे दिली. "सुमीची माय, सावली कठड्याले लागली की टोला द्या. आज मले देता येत नाही."

आणि चिंचेखाली जाऊन बसली. गुडघ्यात तोंड घालून रडायला लागली. हळू नाही. आमच्या अंगणातल्या बायांना लाजवील असे.

मी उभीच. माणूस एवढे रडते म्हणजे कोणीतरी गेलेले असते, हे सांगायला चौथीही लागत नाही. तिचा लोटा कठड्यावर होता. विहिरीचे पाणी ओढले, भरला, तिच्यापुढे नेला.

"प्या आधी. कोरडं रडू नये."

प्याली. निम्मे पाणी झग्यावर सांडले.

"कोण गेलं?"

"माय. तिकडे मातीही झाली तिची. मले मंग समजलं."

"लय दिवसांत भेटल्या नसान."

"या झग्यात तिनं मले पाह्यलंच नाही."

आणि पुन्हा सुरू. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. मी केला. कुठल्या कुठे मुलूख, इतकी वर्षे भेट नाही, आणि म्हातारीसाठी लेक असे रडते! मला राहवले नाही. मी वेळ पाहिली नाही, काही नाही. आतले विचारून टाकले.

"सिस्टर, माही सुमी बसे का वं इथं?"

तिने नाक पुसले. नियम मोडणारी बाई नव्हती ती. मग चिंचेच्या दोन मुळांमध्ये ती बसली होती, तिथली माती तिने हाताने सारखी केली. तिथे गवताची काडी नव्हती. बसून बसून घोटलेली जागा होती, पाटाएवढी.

"मी तिच्या जागेवर बसली हाओ," ती म्हणाली. "ते गावाले गेली म्हणून रिकामी सापडली. एरवी कुठं भेटते?"

पेटीचे मी काही बोलले नाही. कठड्याला टेकून बसले. सावली आली, कठड्यावर चढली, पलीकडे उतरून मोटेच्या वाटेला लागली. हातोडी माझ्या मांडीवर होती. टोला मी दिला नाही.