बन्सीलाल नानांचे मार्जारद्वार

चालू वर्षीच्या श्रावणात, नागपंचमीनंतर येणाऱ्या पहिल्या रविवारी, धुळे शहरात, पांझरा नदीपलीकडच्या देवपूर भागात, बन्सीलाल नानांच्या राहत्या घरी कानबाई ही खानदेशची कुळदेवी पूजेला बसणार होती. आणि त्याच घरात ठमी नावाची मांजर होती. या दोन्ही गोष्टी सुट्या सुट्या घेतल्या तर कोणालाही तक्रार करायला जागा नव्हती. अडचण त्या एकत्र येण्यात होती.

कारण कानबाईच्या नैवेद्याचे, जाड पोळ्यांसारखे रोट. ते भाऊबंदांनीच खायचे, आणि खाऊन संपवायचे. शेजारी कितीही जिव्हाळ्याचा असो, जावई कितीही लाडका असो, त्याला रोटाचा तुकडादेखील मिळत नाही. नानांच्या कुळात तर हा नियम इतका कडक की, रोट भाजत असताना वासाने आलेल्या पाहुण्याला चहा पाजून ओट्यावरूनच परत पाठवत.

कानबाई आजवर जळगावला, नानांचे थोरले चुलतभाऊ रूपचंद यांच्याकडे बसत असे. परंतु रूपचंदभाऊंनी बैठे घर विकून चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, आणि गेल्या वर्षी कानबाई विसर्जनासाठी लिफ्टमधून खाली उतरली. नाना त्याच क्षणी पेटले. देवतेने बटण दाबून प्रस्थान करावे, हे त्यांना कदापि मान्य होण्यासारखे नव्हते. त्यांनी सगळ्या भाऊबंदांपुढे इतका प्रदीर्घ वाद घातला की, शेवटी कुळातल्या सर्वांत वडील धुरपदाबाई अक्का कंटाळून म्हणाल्या, "बरं, बन्सीलालकडे बसू द्या एक वरीस. नीट झायं ते कायमनी तठे. खोट निंघनी ते परत जळगावले."

अर्थात प्रश्न साधा नव्हता. कानबाई कायमची कोणाकडे, याचा निकाल त्या दोन दिवसांवर लागायचा होता.

ठमीचा येण्याजाण्याचा मार्ग म्हणजे स्वयंपाकघराचे मागचे दार. ते लावले की ती बाहेरून नखांनी ओरबाडे, म्हणून ते सदैव किलकिले असे. नानांच्या पत्नी पुष्पाबाई म्हणाल्या, "दोन दिवस दार लावून घेऊ. ओरडेल ओरडेल नि गप बसेल."

"म्हणजे देवीच्या पूजेत दारावर खरखर चालू राहणार," नाना म्हणाले. "आणि रूपचंदभाऊ ते ऐकणार. हा उपाय नव्हे, पुष्पा, ही शरणागती आहे."

नानांनी दीपनगरच्या वीज केंद्रात, नियंत्रण कक्षात, आयुष्य काढले होते. तेथे प्रत्येक खटक्याला एक अर्थ होता आणि प्रत्येक अर्थाला एक खटका. जगाच्या अव्यवस्थेचे मूळ त्यांच्या मते एवढेच होते की, जगाला पुरेसे खटके बसवलेले नाहीत. मांजरीसाठी दारात बसवायची स्वतंत्र झडप मिळते आणि तिला कुलपासारखा खटका असतो, हे त्यांनी मोबाइलवर वाचले होते. त्यांनी तिला 'मार्जारद्वार' असे नाव दिले. पुष्पाबाई अखेरपर्यंत तिला 'ते भोक' म्हणत राहिल्या.

आग्रा रोडवरच्या हार्डवेअरच्या दुकानात नानांनी वस्तूचे यथासांग वर्णन केले. दुकानदाराने सगळे ऐकून घेतले.

"म्हणजे मांजर स्वतः दार उघडणार?"

"होय."

"आणि स्वतः लावणार?"

"ते आपोआप लागतं."

"नाना, माझा मुलगा वीस वर्षांचा झाला, अजून दार लावत नाही. उंदराचा पिंजरा दाखवू का? त्याला पण झडप आहे."

या उद्धटपणाला नाना उत्तर देणार होते. वस्तुतः त्यांनी ते दिलेही, परंतु तोवर दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाला खिळे मोजून देण्यात गुंतला होता. वस्तू शेवटी मोबाइलवरूनच मागवावी लागली. ती आली तेव्हा नानांचे चित्त प्रसन्न झाले. पांढरी चौकट, तिच्यात लोंबती पारदर्शक झडप आणि खाली गोल खटका. खटक्याभोवती इंग्रजीत लिहिलेल्या चार आज्ञा नानांनी कागदाच्या पट्ट्यांवर मराठीत लिहून चिकटवल्या: 'दोन्हीकडे', 'फक्त आत', 'फक्त बाहेर' आणि 'बंद'.

दाराला भोक पाडायला गिरधर मिस्त्री आला. त्याने चौकट हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"नाना, मानोसले रावाले घर भेटी नही ऱ्हायनं, आन तुम्ही मांजरले सोतंतर दार करी ऱ्हायनात!"

"तुला फक्त भोक पाडायचं आहे, गिरधर. मत नको."

"पाडस ना. खटका कोणीकडे ठेवू? आतमा का बाहेर?"

नानांनी प्रश्नाचा साकल्याने विचार केला. घराला कुलूप लावतात ते बाहेरून. आतून कुलूप लावून माणूस गावाला जाऊ शकत नाही. शिवाय, आपण मुलीकडे दीपनगरला गेलो की शेजारच्या सुकदेव आबांना खटका हाती लागला पाहिजे. या दोन्ही मुद्द्यांत खोट काढता येत नव्हती.

"बाहेर," नाना म्हणाले.

"चित्रात तर बाई आत उभी राहून तो फिरवते," पुष्पाबाई खोक्याकडे पाहत म्हणाल्या.

"चित्रातल्या बाईला गावाला जायचं नसेल."

गिरधरला पुढच्या कामावर जायचे होते, त्यामुळे त्याने बाहेरची बाजू तत्काळ मान्य केली. अशा रीतीने झडप तिच्या निर्मात्याने योजलेल्या दिशेच्या नेमकी उलट बसली, आणि 'आत' व 'बाहेर' या शब्दांनी निमूटपणे आपापल्या जागा बदलल्या.

चाचणी झालीच नाही, असा आरोप पुढे नानांवर करण्यात आला. तो धादांत खोटा आहे. नानांनी 'दोन्हीकडे' लावून पाहिले. झडप दोन्हीकडे हलली. 'बंद' लावून पाहिले. झडप हलली नाही.

"आणि मधले दोन?" पुष्पाबाईंनी विचारले.

"दोन्ही टोकं बरोबर असली की मधलं बरोबरच असतं. मी नियंत्रण कक्षात आयुष्य काढलंय."

रविवारी सकाळी जळगावहून रूपचंदभाऊ सहकुटुंब आले, गावाकडून अक्का आल्या, इतर भाऊबंद आले. ठमीला गच्चीवरच्या खोलीत कोंडले आणि खटका 'बंद'वर नेला. कानबाई नथ घालून, चौरंगावर अशी बसली की पाहणाऱ्याचे हात आपोआप जोडले गेले. रोट भाजले गेले, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी आणि खीर झाली, बायकांनी रात्र गाऊन जागवली. रूपचंदभाऊ खोट शोधत घरभर फिरले आणि त्यांना फक्त ते भोक सापडले.

"हे काय रे?"

"मार्जारद्वार."

"हं," रूपचंदभाऊ म्हणाले. त्या एका हुंकारात जितका तुच्छभाव होता, तितका एखाद्या अख्ख्या भाषणात मावला नसता.

सोमवारी सकाळी विसर्जनाला निघायची वेळ झाली. उरलेले रोट नदीवरून परतल्यावर सर्वांनी मिळून संपवायचे, म्हणून ते टोपलीत घालून फडक्याखाली स्वयंपाकघरात ठेवले होते. इतक्यात कोणीतरी गच्चीवरून चटई आणायला म्हणून खोलीचे दार उघडले, आणि ठमी पायांमधून सुटली. ती घरात आहे की बाहेर गेली, हे कोणालाही सांगता येईना.

"झडप बंद आहे ना, बंदच राहू द्या," पुष्पाबाई म्हणाल्या.

"आणि ती आत असली तर? रोटांसह कोंडून जायचं?" नाना उसळून म्हणाले. "ती बाहेर जाऊ शकली पाहिजे आणि परत आत येऊ शकता कामा नये. नेमक्या याच प्रसंगासाठी ही आज्ञा आहे."

ते मागच्या अंगणात गेले आणि त्यांनी खटका 'फक्त बाहेर'वर आणला. मागच्या दाराला आतून कडी लागली, पुढचे दार कुलूपबंद झाले, कानबाई डोक्यावर घेतली गेली आणि मिरवणूक पांझरेकडे निघाली.

परतल्यावर कुलूप काढताना आतून प्रथम ताटल्यांचा आवाज आला. दार उघडले. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठमी खिरीचे पातेले चाटत होती. तिची, आता मोठी होऊन गल्लीत हिंडणारी, दोन पिल्ले उपड्या टोपलीच्या दोन बाजूंना होती. कान तुटलेले एक सर्वस्वी अपरिचित मांजर फडक्यावर झोपले होते. आणि दिवाणखान्यात, कानबाई नुकतीच उठून गेलेल्या चौरंगावर, सुकदेव आबांचा वजीर नावाचा दांडगा बोका मिशा पुसत बसला होता. रोटाचा कणही शिल्लक नव्हता.

"ओ माय!" असे कोणीतरी म्हणाले, आणि मग सगळेच एकदम बोलू लागले.

नानांनी क्षणार्धात गुन्हेगार ओळखला. कुंपणापाशी जाऊन ते गरजले, "आबा! खटका फिरवलात ना? सांगून ठेवलं होतं, आम्ही गावाला गेल्याशिवाय हात लावायचा नाही!"

सुकदेव आबा तोंडावरचा फेस तसाच ठेवून, अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत बाहेर आले. "मी? मी तुमच्या भोकाला हात लावीन? आणि आमचा वजीर कुठाय? सकाळपासून हाका मारतोय!"

"तो आमच्या देवीच्या चौरंगावर बसलाय!"

"मग उतरवा की त्याला! कोंडून काय ठेवलंय?"

"कोंडलेला नाही! त्याला बाहेर जायला वाट आहे! चला, दाखवतोच!"

नाना पुढे, आबा मागे आणि त्यांच्यामागे सगळे भाऊबंद, असे ते दार पाहायला गेले. खटका 'फक्त बाहेर'वरच होता. नाना थबकले, पण डगमगले नाहीत. त्यांनी आत जाऊन वजीरला दोन्ही हातांनी उचलले, झडपेसमोर ठेवले आणि आज्ञा दिली, "जा." वजीरने झडपेला डोके लावले. झडप हलली नाही. त्याने पंजा मारला. मग त्याने मान वळवून नानांकडे पाहिले.

"त्याला जायचंच नाहीये," नाना म्हणाले. "स्पष्ट लिहिलंय, फक्त बाहेर. कोणताही..."

तेवढ्यात खट् असा आवाज झाला, झडप आतल्या बाजूला उचलली गेली आणि बाहेरून एक सहावे मांजर, सर्वांच्या देखत, सावकाश आत आले.

नानांनी पाय मागे घेऊन त्याला वाट दिली. मग रूपचंदभाऊंनी घसा साफ केला.

"झालं. बाहेरच्यांच्या तोंडी रोट गेला. खोट निघाली. पुढच्या वर्षी कानबाई जळगावला."

"खोट कसली?" नाना संतापून म्हणाले. "ठमी याच घरात जन्मली. तिची पिल्लं याच घरातली. ती भाऊबंदच झाली!"

"आणि हा बोका?"

"तो... तो त्या पिल्लांचा बाप आहे. अख्ख्या गल्लीला माहीत आहे."

"म्हणजे जावई!" रूपचंदभाऊ विजयाने म्हणाले. "जावयाला रोट चालतो का? सांग, चालतो का?"

"कोण जावई?" सुकदेव आबा भडकले. "आमच्या वजीरला परस्पर नात्यात घेऊ नका हां! आम्ही काही पसंती दिलेली नाही!"

"पसंतीचा प्रश्नच कुठे येतो? पिल्लं समोर उभी आहेत!" नाना म्हणाले.

"आणि ते कानतुटकं? ते कोण, तुमचा मामा का?" आबांनी विचारले.

नाना या मुद्द्याचे तीन भागांत खंडन करण्याच्या बेतात होते. पण अंगणातल्या खाटेवर बसलेल्या धुरपदाबाई अक्कांनी हात वर केला.

"बठ्ठा गप बसा रे." सगळे गप झाले. "पुष्पा, आठे ये. रोट सरनात का?"

"सरले, अक्का. कणही नाही."

"मंग झायं. सरना पाहिजेत, सरनात. मुकं जनावर शे, त्याले भाऊबंद समजत नही आन सोयरा बी समजत नही. वास उना, ते उनं." अक्कांनी दाराकडे बोट केले. "हाई भोक उलटं बसाडानं कोनी सांगं?"

पुष्पाबाईंनी नानांकडे पाहिले. मग अक्कांनी पाहिले, मग रूपचंदभाऊंनी, आणि सरतेशेवटी वजीरनेही.

"अक्का, तांत्रिकदृष्ट्या," नानांनी सुरुवात केली, "कुलूप हे नेहमी बाहेरून..."

"तू थांब." अक्का उठल्या. त्यांनी भोवती नजर फिरवली. अंगण पाहिले, गच्ची पाहिली, चूल आणि पुष्पाबाईंचे ओले हात पाहिले. "जागा मोकळी शे. नदी जवळ शे. पुष्पानं बठ्ठं नीट करं. आठे कानबाईले काही तकलीफ नही झायी."

नानांची छाती हळूहळू फुगू लागली. रूपचंदभाऊंचा चेहरा उतरला.

"म्हणजे, अक्का?" नानांनी विचारले.

"म्हणजे पुढला वरीस बी कानबाई आठेच बसी," अक्का म्हणाल्या. "बन्सीलाल त्या दिनले जळगावले जाई."