कणकेचा गोळा

गहिनीनाथांनी अकोल्यातल्या घरावर मजला चढवला, शेजारशेजारच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या आणि पहिल्याच आठवड्यात संस्कृती दारात उभी राहिली. ती दवाखान्यात नर्स. रात्रपाळी करून सकाळी झोपायची. भिंतीपलीकडे राहणारा वाल्मिक दूध संकलन केंद्रावरून परतायचा आणि नेमका तेव्हाच पखवाज काढायचा.

"काका, एक तर तो पखवाज राहील, नाहीतर मी. काल पेशंटला सुई टोचताना मला डुलकी लागत होती."

पोरीचं खरं होतं. पण वाल्मिकला राजूरच्या सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला पहिलीच साथ करायची होती, आणि कीर्तन म्हणजे गहिनीनाथांचा जीव की प्राण. पखवाज बंद कर म्हणायचं तरी कोणत्या तोंडानं?

तरी दुसऱ्या दिवशी ते मालकाचा चेहरा करून जिना चढले. वाल्मिक डोळे मिटून वाजवत होता. डाव्या हाताचा घुमारा थेट छातीत उतरत होता. दम द्यायला उघडलेल्या तोंडातून 'रामकृष्णहरी' बाहेर पडलं. मग त्याच्या खुंटीवरचे टाळ हातात कधी आले, ते त्यांनाही कळलं नाही. डोळे उघडले तेव्हा दारात संस्कृती होती, काखेत उशी.

"काका, तुम्ही पण? मी सामान बांधते."

खाली आल्यावर बनुबाईंनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. "भांडन मिटवाया गेल्ता का वाढवाया?"

"अगं, पर हात लई गोड हाय त्याचा. त्यो घुमारा..."

"त्यो घुमारा माज्या कनकेचा हाय."

पखवाजाच्या डाव्या पुडीच्या कातड्याला दरवेळी ताजी ओली कणीक लावल्याशिवाय तो घुमत नाही. वाल्मिक जेवायचा खानावळीत, म्हणून बनुबाई रोज सकाळी चहासोबत त्याला एक गोळा द्यायच्या.

गहिनीनाथ बघतच राहिले. "म्हंजी समदं तुज्याच परातीतनं चाललंय व्हय?"

"व्हय. आता उद्यापासून गोळा दुपारच्याला, पोरगी उठल्यावर. तिला सांगा, सामान सोड म्हनावं."

एवढंसं बोलून त्या भाकरी थापायला बसल्या. गहिनीनाथ ज्यापायी आदली रात्रभर तळमळले होते, त्याचं उत्तर बाईनं पीठ मळता मळता काढलं होतं.

दुसऱ्या दिवशीची सकाळ शांत गेली. संस्कृती पोटभर झोपली. दुपारी गहिनीनाथांनी पिठलं-भाकरी खाल्ली, चटईवर अंग टाकलं, डोळा लागतो न लागतो तोच वर धूम. त्यांनी कूस बदलली, कानावर उशी घेतली. शेवटी वैतागून जिना चढले.

वरच्या पायरीवर संस्कृती चहा पीत बसली होती. चेहरा टवटवीत, बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती.

"वाल्मिकदादा, मघाचं ते परत वाजवा ना," ती म्हणाली आणि वळली. "काय काका, झोपमोड झाली का?"

 भाडेकरूंनी तक्रार मालकाकडे न्यायची. मालकानं कुणाकडे न्यायची? गहिनीनाथांनी जिन्याखाली पाहिलं. बनुबाई कणकेचे हात पदराला पुसत उभ्या होत्या.

"खुंटीला टाळ हायेत की," त्या म्हणाल्या. "झोप न्हाई तर न्हाई, तेवढंच नाव घ्या देवाचं."

मालक मुकाट्याने खुंटीकडे गेले.