दिगूची दहाची मिटिंग

कुरुंद्यात हळदीचा भाव कुणीही सांगेल. पण अमेरिकेतली कोणती कंपनी सध्या बिघडली आहे, हे फक्त आमच्या गल्लीतल्या बायकांना ठाऊक असतं. आम्ही ओट्यावर हळकुंडं निवडत बसलेल्या असतो, तेवढ्यात दिगू येतो, कुडाला पाठ लावतो आणि मयताची बातमी सांगावी तसं सांगतो, "काकू, ती फोनवाली कंपनी आता पहिल्यासारखी राहिली न्हाई."

दिगू म्हणजे दिगंबर, शेजारच्या सरूवैनीचा एकुलता एक. चाळिशी आली, लग्न केलं नाही. पुण्याला कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहायचा. लॉकडाऊनमध्ये गावाला आला आणि तेच काम इथं गच्चीवरून करायला लागला. आपण भावकीबद्दल जसं बोलतो, तसं तो कंपन्यांबद्दल बोलतो. नावं तो घेतो, मी घेणार नाही. पण आम्हाला समजावं म्हणून त्यानं एकेका कंपनीला गल्लीतलं एकेक माणूस लावून दिलंय. एक कंपनी म्हणजे थोरली जाऊ, सगळ्या किल्ल्या हिच्याच कमरेला. दुसरी म्हणजे कोपऱ्यावरची गयाबाई. ताक फुकट देते, आणि पिता पिता तुमच्या घरातलं सगळं काढून घेते.

गयाबाईच्या कानावर हे गेलं. ती म्हणाली, "मंग त्या कंपनीचं कसं चालू हाय?"

"लई बरं चालू हाय, मावशी. जगात तिच्याएवढं कुणाचंच न्हाई."

आता रागवावं की नाही, ते गयाबाईला कळेना. तिनं त्यालाही ताक दिलं.

दिगूचा खरा राग नव्या नव्या टूमवर. मागं आमच्या शिवारात एकानं टरबूज लावलं, त्याला भाव लागला. पुढच्या साली निम्म्या गावानं टरबूज लावलं आणि शेवटी ते जनावरांपुढं टाकायची वेळ आली. दिगू म्हणतो, "कंपन्यांचं बराबर तेच हाय, काकू. एकानं ॲप काढलं की समद्यांचं ॲप. एकानं डोळ्याला चष्मे लावून हिंडायची दुनिया काढली की समद्यांचे चष्मे. आता हे एआय. लागतं कुणाला, ते कुणी इचारत न्हाई. टरबूज हाय हे, टरबूज."

हा शब्द गल्लीनं उचलला. सुनांनी फुग्याच्या बाह्या शिवल्या, टरबूज. लग्नात हळदीच्या दिवशी वऱ्हाडातल्या समद्यांनी पिवळंच नेसायचं, टरबूज. आणि हा कंपन्यांतला जाणता माणूस स्वतः वापरतो बटणाचा फोन. आमच्यापैकी कुणी मोबाईलवर 'अपडेट' दाबायला गेली की विंचू दिसल्यासारखा हात धरतो. "चालू हाय ना? मंग काहून छेडता त्याला?"

आता त्याच्या मिटिंगचं सांगते. रोज सकाळी दहाला तो गच्चीवर जायचा, पालथ्या ड्रमवर लॅपटॉप ठेवायचा आणि उभ्यानं बोलायचा. ही त्यांच्या धंद्यातली रीत. टीममधल्या प्रत्येकानं उभं राहून सांगायचं, काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. उभं राहिलं की माणूस कमी बोलतो म्हणे. ज्यानं हे शोधून काढलं, त्यानं नळावरच्या बाया पाहिल्या नसतील.

एकदा दिगूनं आम्हालाही उभं केलं. म्हणाला, असं केलं की हळकुंडं लवकर निवडून होतात. पहिली गयाबाई उठली. "काल सुनेशी बोलले न्हाई. आज बी बोलणार न्हाई. अडचण सून हाय." दिगू म्हणाला, असंच पाहिजे, आमच्या टीममध्ये इतकं मुद्द्याचं कुणी बोलत न्हाई. मग माझी पाळी आली आणि मी जी सुरू झाले, ती चहाच्या वेळेलाच थांबले. त्या दिवशी निवडायचं काम तसंच राहिलं.

दहा वाजले की सरूवैनी सगळं घर बंद करायची. मिक्सर बंद, टीव्ही बंद. जिना आमचा सामाईक आहे, त्याच्या पायरीवर ती लसूण सोलत बसायची. कोंबडी ओरडली तर हाकलायची. भंगारवाल्याला दुरूनच हात करायची, "भोंगा बंद कर बाबा, पोराची मिटिंग हाय."

यंदा फाल्गुनात रस्त्याच्या कामावरल्या जेसीबीनं नेटची वायर तोडली. संध्याकाळी दिगूनं ओट्यावर येऊन भाषण केलं. सगळी दुनिया एका वायरीवर टांगायची आणि वर खोरं चालवायचं, ही काय अक्कल? जोडायला वेळ लागणार, तोवर टीव्ही बी न्हाई, नेट बी न्हाई. मोबाईलला तर आमच्या गल्लीत रेंजच नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुपात कुरडया घेऊन गच्चीवर गेले. सरूवैनीनं जायला गुडघे बाजूला घेतले. वर पाहते तर कठड्यापलीकडं दिगू ड्रमापुढं उभा, कानात वायरी घालून बोलून राहिला. "काल ते रिपोर्टचं काम झालं. आज तपासणी घेतो. अडचण काही नाही."

मी सरळ विचारलं, "दिगू, वायर जोडली का रे?"

तो थांबला. लॅपटॉपकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आदल्या दिवशी आपणच काय सांगितलं, ते त्याला आता आठवलं.

"न्हाई, काकू."

"मंग कुणाशी बोलून राहिला?"

त्यानं कानातल्या वायरी काढून हळूहळू गुंडाळल्या. "दिवाळीच्या आधीच काढलं, काकू. आख्खी टीम काढली. आमचं काम आता एआय करतं."

मी म्हटलं, "पर ते तर टरबूज होतं."

"आज बी टरबूजच हाय. ह्या साली भाव लागला त्याला."

आम्हा दोघांनाही हसू आलं, आणि ते लगेच सरलं. मी म्हटलं, मंग आईला सांगून टाक, हे रोजचं उभं राहणं काहून?

तो जिन्याकडं पाहत राहिला. "ती दहा वाजता मिक्सर बंद करते, काकू. माझ्यासाठी कोंबड्या हाकलत बसते. तिला काय सांगू, उद्यापासून आवाज झाला तरी चालतं म्हणून?"

कुरडया पसरून मी खाली आले. सरूवैनी पायरीवरच होती. लसूण कधीच सोलून झाला होता, नुसती टरफलं चिवडत बसली होती. अगदी हळू आवाजात म्हणाली, "झाली का मिटिंग?"

मी म्हटलं, "चालूच हाय."

"पहिले मधात मधात थांबायचा. दुसऱ्याचं ऐकायचा, भांडायचा, हसायचा. दिवाळीपासून सलग बोलतो आन् लॅपटॉप मिटतो." तिनं टरफलं पदरात गोळा केली. "म्या इथून उठले तर त्याला वाटंल, आईला कळलं. म्हणून बसते."

मी सूप भिंतीला टेकवलं.

"आज थांबला होता," ती म्हणाली. "हसल्याचं बी ऐकू आलं. कुणाशी बोलत होता?"

"माझ्याशी."

"मंग रोज जात जा, बाई."

कुरडया वाळून डब्यात गेल्या. दहा वाजले की मी रिकामं सूप घेते आणि जिना चढते. सरूवैनी गुडघे बाजूला घेते.