टेलरमास्तर आणि वारसादान समिती

माणूस जाताना बरोबर काहीच नेत नाही, हे सत्य माणसाच्या आधी संस्थांना कळतं. चर्चच्या भिंतीला लागून दुकान असलेल्या टेलरमास्तरांना ते एकाहत्तराव्या वर्षी कळलं आणि त्यांनी मृत्युपत्र केलं. आपल्या पश्चात खालचं दुकान, वरच्या दोन खोल्या, सगळं चर्चला. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी गायकवृंदाचे झगे शिवले होते, आणि ते झगे गाऊ लागले की मास्तरांना खरोखरच रडू येई. मन भरून आलं, म्हणून दिलं. इतकं साधं होतं.

साध्या गोष्टींसाठी समिती असते. वारसादान समितीने मास्तरांना अकरा पानी अर्ज दिला. रकाना सात : 'देणगी अंदाजे केव्हा उपलब्ध होईल?' रकाना आठ : 'विलंब होत असल्यास कारण.' मास्तरांनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'तब्येत बरी आहे.' (कारण समाधानकारक नसल्याचा शेरा पडला.)

मानसन्मानात मात्र समितीने कसूर केली नाही. मास्तरांना पहिल्या बाकावर उशीसह जागा मिळाली. दारातल्या फळ्यावर दात्यांच्या यादीत नाव चढलं, तेही 'कै.' सकट; रंगारी वर्षातून एकदाच येतो, एका अक्षरासाठी पुन्हा शिडी कोण लावणार? ते वाचून दोन म्हाताऱ्या सभासदांनी मास्तरांचा हात हातात घेऊन त्यांच्या जाण्याबद्दल त्यांचंच सांत्वन केलं. मास्तरही गहिवरले.

मग चर्चचे पाळकसाहेब दर मंगळवारी चौकशीला येऊ लागले.

"काय मास्तर, कसं वाटतंय?"

"छान! भूक सडकून लागते."

"असू दे, असू दे," पाळकसाहेब धीर देत. "धीर सोडायचा नाही."

एका सकाळी समितीचे अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार टेप घेऊन दुकानात आले. तिघांचे तीन सूट, या आनंदात मास्तरांनी अध्यक्षांचे हात वर करून छातीचं माप घेऊनही टाकलं. ते वहीत लिहिताना त्यांच्या लक्षात आलं की बाकीचे दोघे भिंत मोजताहेत.

"ही पाडली की समितीची बैठकीची खोली होते," अध्यक्ष हात वरच ठेवून म्हणाले.

तेवढ्यात जिन्यावरून आक्का उतरल्या. मास्तरांची थोरली बहीण, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, वरच्याच खोलीत राहणारी.

"काय मोजताय?"

"भविष्यकाळ, आक्का," चिटणीस म्हणाले.

"आणि भविष्यकाळात मी कुठं जायचं?"

चिटणीसांनी अर्ज पुढून मागे आणि मागून पुढे चाळला. बहिणीसाठी रकाना नव्हता.

त्या दुपारी मास्तरांना सुईत दोरा ओवता येईना. सगळं दिलं, पण आक्काला विचारलंच नाही, ही उसवलेली शिवण त्यांना आत्ता कुठे दिसली होती.

आक्कांनी सुई त्यांच्या हातातून घेतली, पहिल्या झटक्यात ओवली. "देणं चांगलंच आहे रे," त्या म्हणाल्या. "फक्त मला त्यात गुंडाळून देऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी मास्तर वकिलाकडे गेले आणि एक ओळ वाढवून आले : आक्का असेपर्यंत घर आक्कांचं, नंतर चर्चचं. समितीने तातडीची बैठक घेऊन आक्कांनाही उशी मंजूर केली. पाळकसाहेब मंगळवारी खाली आणि गुरुवारी वर येऊ लागले. (आक्का त्यांना मटार सोलायला बसवत.)

याला सात वर्षं झाली. दरम्यान अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार, याच क्रमाने, देवाघरी गेले. तिघांचे शेवटचे सूट मास्तरांनीच शिवले. तिघांपैकी एकानेही मृत्युपत्र केलेलं नव्हतं. त्यांचे पुतणे अजून कोर्टात आहेत.

मास्तर अठ्ठ्याहत्तर, आक्का पंच्याऐंशी. दोघंही ठणठणीत.

गोष्ट संपत आली तरी या दोघांपैकी कुणीच मेलं नाही, हे पाहून आपल्याला आत कुठेतरी जी बारीकशी चुटपुट लागली, तिची आदरपूर्वक नोंद घेण्यात आली आहे. एवढ्या आस्थेच्या माणसाची नव्या समितीला नितांत गरज आहे. कधी येता?