डाव्या हाताची चावी

नवं घड्याळ डाव्या हातात घालून केलेल्या पहिल्याच चहाला प्रूफरीडरांना त्यातली चूक सापडली. किटली उचलताना मनगट मागे वाकलं आणि घड्याळाची चावी हाताच्या पाठीत कचकन रुतली. चावीही साधीसुधी नव्हती, चांगली वाटाण्याएवढी आणि दातेरी.

घड्याळ पाठवलं होतं चिरंजीवांनी. चिरंजीव परमुलखात पाणबुड्याचं काम करत, जहाजांच्या बुडाची डागडुजी. तीनशे मीटर खोल पाण्यातही हे घड्याळ हूं की चूं करत नाही, असं त्यांनी कौतुकानं कळवलं होतं. प्रूफरीडरांचा खोल पाण्याशी संबंध बादलीपुरताच होता.

जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या चुका काढल्या. निवृत्तीनंतर छापखाना सुटला, खोड काही सुटली नाही. जिन्यातल्या नोटिसांवर ते लाल पेन चालवत, त्यामुळे सोसायटीचे सेक्रेटरी त्यांना पाहिलं की मोबाइल कानाला लावत. बायको गेल्यापासून घरात चार खुर्च्या होत्या आणि बसणारा एकच. रविवारी मुलाचा फोन येई, तेवढाच काय तो आवाज.

"बाबा, घड्याळ घालता ना?"

"अरे, झोपतानासुद्धा काढत नाही."

"टोचत वगैरे नाही ना?"

इथे मात्र लाल पेन चाललं नाही. "छे! लोण्यासारखं बसलंय," प्रूफरीडर म्हणाले.

बोलून चुकल्यावर निभावणं आलं. मनगट वाकवलं नाही की चावी रुतत नाही, हे त्यांनी शोधून काढलं. मग डावा हात लाटण्यासारखा ताठ धरूनच ते भाजी चिरू लागले, कुलूप लावू लागले. असेच कचऱ्याची बादली घेऊन दाराबाहेर आलेले असताना समोरच्या शिवणवाल्या बाईंनी त्यांना पाहिलं.

"अगं बाई! भाऊ, हाताला काय झालं?"

"काही नाही हो ताई. जरा आखडलाय."

बाईंच्या दिरांचं दुखणं असंच जरा आखडण्यापासून सुरू झालं होतं. त्यांनी बादली हिसकावून घेतली, प्रूफरीडरांना खुर्चीत बसवलं आणि चहा करायला घेतला. दिवेलागणीपर्यंत 'भाऊंचा हात गेला' ही बातमी गच्चीपर्यंत पोचली. सेक्रेटरी आले. चक्क बसले. त्यांच्या मागोमाग तळमजल्यावरचे आजोबा आणि वरच्या मजल्यावरची फिजिओथेरपिस्ट आली.

"काका, घड्याळ काढा बघू."

"ते नाही काढायचं. मुलानं दिलंय."

"बरं, मग मनगट मागे वाकवा."

त्यांनी हात ताठच ठेवला, तेव्हा तिनंच वाकवलं आणि काका "आई गं!" करून ओरडले. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आता शंकेला जागाच उरली नव्हती.

खरं सांगायचं तर याच वेळी सांगून मोकळं व्हायला हवं होतं. ते तोंड उघडणारही होते. पण चारी खुर्च्या भरल्या होत्या, बाई कपबशा मांडत होत्या आणि सेक्रेटरी स्वतःहून म्हणत होते, "भाऊ, नवी नोटीस आणलीय, जरा नजर टाका." प्रूफरीडरांना इतकं बरं वाटलं की जीभच रेटेना. ते नुसते कण्हले.

पुढे रोज कोणी ना कोणी येत राहिलं. फिजिओ व्यायाम घेई, काका ओरडत, बाई गरम सूप आणत. हे असंच चाललं असतं, पण सेक्रेटरींनी परस्पर चिरंजीवांना फोन केला. "निघा," एवढंच सांगितलं. चिरंजीव हातातलं जहाज तसंच टाकून निघाले.

दारातच मुलानं वडिलांचा हात हातात घेतला. हाताच्या पाठीवर एक लाल गोल वण होता, कडेनं बारीक दाते उमटलेला. पोरानं वण पाहिला, चावी पाहिली आणि मटकन खाली बसून हसत सुटला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

"बाबा, सांगायचं नाही होय?"

"तुला वाईट वाटलं असतं."

त्यानं पट्ट्याचा खटका आत सरकवून पट्टा घट्ट केला आणि घड्याळ उजव्या हातात बांधलं. चावी आता कोपराकडे तोंड करून गुमान बसली. "वाकवा हात." प्रूफरीडरांनी वाकवला. काही म्हणता काही टोचलं नाही.

मुलगा थोडे दिवस राहिला. जिन्यात भेटेल त्याला हा किस्सा रंगवून सांगत होता, अख्खी इमारत पोट धरून हसली. मग त्याच्या जहाजाची निकड निघाली आणि तो गेला. फिजिओ येईनाशी झाली. सेक्रेटरींचा मोबाइल पुन्हा कानाला लागला. बरं झालेल्या माणसाकडे कोण कशाला येईल!

प्रूफरीडर खुर्चीत बसले. समोरच्या तीन खुर्च्यांकडे बघवेना. घड्याळ उजव्या हातात अगदी लोण्यासारखं बसलं होतं. मग त्यांनी ते काढलं, खटका सैल केला, डाव्या हातात चढवलं आणि चावी नीट रुततेय ना, याची खात्री करून घेतली. कचऱ्याची बादली रिकामीच होती. ती ताठ हातात धरून ते दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

समोरचं दार उघडलं. शिवणवाल्या बाईंनी रिकाम्या बादलीकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, घड्याळाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. प्रूफरीडरांनी मान खाली घातली.

"फारच आखडलाय हो, भाऊ," बाई म्हणाल्या. त्यांनी बादली काढून घेतली आणि आत येऊन चहाचं आधण ठेवलं.