शेवटचा सातकडी

"बंद करतात म्हणजे काय! अल्बम त्यांचा असेल, तिकिटं आमची आहेत!"

चिमटेमास्तरांनी टेबलावर अशी मूठ आपटली, की घड्याळजींच्या दुकानामागच्या त्या खोलीत दुरुस्तीला आलेली दोन घड्याळं आपोआप चालू झाली. घड्याळजींनी ती मुकाट्याने गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकली.

मास्तर म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. खिशात पेनाऐवजी तिकिटं उचलायचा चिमटा असायचा, म्हणून हे नाव. ते फक्त दीपगृहांची चित्रं असलेली टपाल तिकिटं जमवत. घड्याळजी आगगाड्यांची, आणि समोरच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई पक्ष्यांची. तिघांचं जगात एकाच गोष्टीवर एकमत होतं: तिकीट राहावं तर सातकडीत! सात कड्यांचा, गर्द हिरव्या पुठ्ठ्याचा अल्बम. काळी पानं, आणि पानांवर कंपनीनेच ओढलेल्या गोंदाच्या रेघा. ओलं बोट फिरवायचं, वर तिकीट खोचायची पारदर्शक पट्टी ठेवायची, की संपलं. घर पडेल, पण पट्टी निघणार नाही!

तो सातकडी कंपनीने बंद केला होता आणि त्याच्या जागी चार कड्यांचा निळा अल्बम आणला होता.

"चार!" डॉक्टरीणबाई कडाडल्या. "अहो, चार दातांवर मी पेशंटलासुद्धा घरी पाठवत नाही!"

"निळ्याला हात लावेल तो आपला नव्हे," मास्तर म्हणाले. तिघांनी शपथ घेतली.

शपथ घेणं सोपं होतं. पण मास्तरांचा सातकडी काठोकाठ भरला होता. नवी दीपगृहं बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात पडली होती आणि मास्तरांना त्यांच्याकडे बघवत नव्हतं. भर समुद्रात वादळवाऱ्यात उभी राहणारी ही मंडळी, आणि त्यांच्या नशिबी बिस्किटांचा भुगा!

मग दुकानांमागून दुकानांना फोन झाले. शेवटी लांबच्या एका शहरातला दुकानदार म्हणाला, "गोदामात एक निघालाय. कोरा करकरीत. पाठवतो." पानं तिघांत वाटून घ्यायची ठरली.

पार्सल मास्तरांच्या घरी आलं तेव्हा पोस्टमन जिना उतरायच्या आत बाकीचे दोघे जिना चढून आले होते. मास्तरांनी कात्री उचलली आणि त्यांचा हात हवेतच थिजला.

"थांबा! कुणी श्वास घेऊ नका!"

खोक्यावर तिकीट होतं. तेही दीपगृहाचं! आणि त्या दीपगृहाला उजेडच नव्हता. छापताना पिवळा रंग राहून गेला होता. असं चुकीचं तिकीट हाती लागावं म्हणून माणसं आयुष्यभर देव पाण्यात घालून बसतात, आणि त्या भल्या दुकानदाराने ते खोक्याला डकवलं होतं! तेही कुठे? बरोब्बर झाकणाच्या फटीवर. अर्धं इकडे, अर्धं तिकडे. खोकं उघडावं तर तिकीट फाटणार, तिकीट राखावं तर अल्बम आत अडकणार!

"अहो, मी काय म्हणते," मास्तरीणबाई स्वयंपाकघरातून डोकावल्या.

"आत्ता नाही!" तिघं एकदम म्हणाले.

"वाफ द्यायची," डॉक्टरीणबाईंनी निर्णय दिला. "मूळ सैल करायचं आणि अलगद उपटायचं. रोजचंच काम आहे माझं."

किटली ठेवली. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून वाकले, भिंगावर वाफ धरली आणि त्यांनी तिकीट समजून मास्तरांचा अंगठा चिमट्यात धरला. मास्तर ओरडले. तिकीट ढिम्म!

"किटलीने भागायचं नाही. मोठं पातेलं घ्या!"

पातेल्यावर चाळणी, चाळणीवर खोकं, खोक्यावर परात उपडी. सगळं घर न्हाणीघर झालं. खिडक्या घामेजल्या. शेजारीण "कुणाचं बाळंतपण आहे का हो?" म्हणून विचारून गेली.

"अहो, ऐका तरी, ते खोकं जरा..."

"अगं, इथे जीवनमरणाचा प्रश्न आहे!" मास्तर गरजले.

आणि तिकीट निघालं! अख्खं, एक दाता न तुटता! डॉक्टरीणबाईंनी ते अक्कलदाढ दाखवावी तसं उंच धरलं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. घड्याळजींनी त्यांना मिठी मारली. मग मोठ्या दिमाखात झाकण उघडून सातकडी बाहेर काढला आणि मास्तरांनी पहिलं पान उलटलं.

म्हणजे उलटू पाहिलं. पहिल्या पानाबरोबर शेवटचंही पान आलं. मधली सगळीही आली. गोंदाच्या रेघांनी पोटभर वाफ प्यायली होती आणि कंपनीने दिलेला शब्द पाळला होता. अल्बमची वीट झाली होती!

मास्तरीणबाईंनी पुढे होऊन रिकामं खोकं उचललं आणि पालथं केलं.

"मघापासून तेच सांगतेय. खालून उघडायचं होतं ना!"

तिघांनी खोक्याच्या बुडाकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. तेवढ्यात ओलं तिकीट कडेने वळायला लागलं.

"दाबायला हवं! काहीतरी सपाट आणि जड आणा!" मास्तर घाबरून ओरडले. शोधाशोध करायची गरजच पडली नाही.

पुढच्याच महिन्यात निळ्या अल्बमचा विक्रेता घड्याळजींच्या मागच्या खोलीत आला. "जुना माल तर संपला साहेब. आता तुम्ही काय वापरता?"

"सातकडी!" मास्तर ताठ मानेने म्हणाले.

"अजून? पानं शिल्लक आहेत?"

"सगळीच्या सगळी!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकही खर्ची पडलेलं नाही."

"आणि तिकिटं तर अशी सपाट राहतात!" घड्याळजींनी भर घातली.

विक्रेता चाट पडला. "वा! जरा उघडून दाखवता का?"

मास्तरांनी घसा खाकरला, बिस्किटांचा डबा हळूच टेबलाखाली सरकवला आणि म्हणाले, "आम्ही परक्यांसमोर उघडत नाही."